चाकावरची चकाकी



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू येईल. मोटारीच्या चाकाच्या मधोमध जी गोल, चकचकीत झाकणी असते, जिला आपले मेस्त्री ‘व्हीलकप’ म्हणतात, तिच्याविषयी मी बोलणार आहे. गाडी चालते ती इंजिनावर, धावते ती टायरावर आणि थांबते ती ब्रेकावर. या झाकणीवाचून तिचे काहीच अडत नाही. मग एवढ्याशा वस्तूवर वेळ कशाला घालवायचा, असे कोणीही विचारील.

पण घरातली समई घासून लख्ख करणाऱ्या बाईला हा प्रश्न विचारून पाहा. मळकट समईतही वात जळतेच. तरी सणाच्या आदल्या दिवशी ती समई चिंच लावून घासली जातेच ना? या झाकणीचेही तसेच आहे. शिवाय तिच्या पाठीमागे बैलगाडीपासून वीजशक्तीपर्यंतचा आणि तुरीनपासून कणकवलीपर्यंतचा इतिहास दडलेला आहे. जुनी फियाट किंवा पद्मिनी गाडी अजून अंगणात, माडाच्या सावलीत उभी असलेली घरे आपल्या किनाऱ्यावर आहेत. त्या गाडीच्या चाकावरची झाकणी फिकी का पडते, तिला गंज कशाने धरतो आणि ती पुन्हा उजळावी कशी, हे समजून घेताना हा सगळा इतिहास आपोआप उलगडत जातो.

प्रथम बैलगाडीकडे वळू या. गाडीच्या चाकाचा मधला लाकडी तुंबा, त्यात बसवलेले आरे, बाहेरची लाकडी कड आणि तिच्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव, ही रचना आपल्या सुतार-लोहारांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. तुंब्यातून आस जातो. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ असते. आस आणि तुंबा एकमेकांवर घासू नयेत म्हणून वंगण घालतात. आता या वंगणाचे दोन शत्रू. एक धूळ आणि दुसरे पाणी. धूळ वंगणात मिसळली की तेच वंगण कानशीसारखे आस कुरतडू लागते. बैलगाडीचा वेग बेताचा, म्हणून हे खपून जाई. मोटारीला मात्र ते परवडणारे नव्हते.

जर्मनीत कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. मुंबईच्या रस्त्यांवर पहिल्या मोटारी आल्या १८९८ च्या सुमारास, आणि पहिल्या मालकांत जमशेटजी टाटांचे नाव घेतले जाते. त्या काळच्या पुष्कळ मोटारींची चाके आपल्या गाडीसारखीच लाकडी आऱ्यांची असत. फक्त तुंब्याच्या तोंडावर पितळेचे एक बूच आटे पाडून घट्ट बसवलेले असे. आतले वंगण बाहेर सांडू नये आणि बाहेरची धूळ आत जाऊ नये, एवढेच त्याचे काम. हीच आपल्या व्हीलकपची पणजी! अमेरिकेत हेन्री फोर्डने १९०८ साली आपली प्रसिद्ध ‘मॉडेल टी’ गाडी काढली, तेव्हा तिच्या या बुचावर कारखान्याचे नाव उठवलेले होते. म्हणजे उपयोगाच्या वस्तूला पाटी चिकटली. पुढे चाके पोलादी पत्र्याची झाली, नटबोल्ट उघडे दिसू लागले, आणि ते झाकण्यासाठी बूच पसरत पसरत थाळीएवढे झाले. उपयोग मागे पडला आणि शोभा पुढे आली. जी वस्तू केवळ शोभेसाठी उरते तिची कारखानदार फार काळजी घेतो, कारण गिऱ्हाइकाचा डोळा आधी तिथेच जातो.

शोभा म्हटली की चकाकी हवी. पितळ दिसते सोन्यासारखे, पण दर आठवड्याला घासावे लागते. मग पितळेवर निकेलचा मुलामा देऊ लागले. निकेल पांढरे, देखणे. पण तेही हळूहळू पिवळसर आणि मंद पडते. यावर तोड निघाली ती क्रोमियम या धातूने. हा धातू व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञाने १७९७ च्या सुमारास शोधला. त्याचे क्षार हिरवे, पिवळे, नारिंगी असे नाना रंगांचे असतात, म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. खुद्द धातू मात्र निळसर झाक असलेला पांढरा. विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा चढवण्याची व्यापारी रीत १९२० ते १९३० या दशकात बसली, आणि थोड्याच वर्षांत मोटारींचे दिवे, बंपर आणि व्हीलकप आरशासारखे चमकू लागले.

इथे सिंधुदुर्गातल्या श्रोत्यांनी जरा कान टवकारावेत. क्रोमियम ज्या काळसर खनिजातून मिळतो ते क्रोमाइट भारतात मुख्यतः ओडिशात सापडते. पण महाराष्ट्रात ते ज्या मोजक्या ठिकाणी आहे, त्यांत आपल्या कणकवलीजवळचे जानवली आणि वागदे हे भाग येतात. आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या रेडीचे लोहखनिज तर सर्वांना माहीत आहेच. म्हणजे व्हीलकपचे पोलादी अंग आणि त्यावरची चकाकी, दोहोंची मूळ माती आपल्याच जिल्ह्याच्या पोटात आहे. भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी हे वर्गात जरूर सांगावे.

मुलामा म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला निराळे समजवायला नको. कल्हईवाला दारात बसे, भाता हलवी, तांब्याचे भांडे लाल तापवी, नवसागर टाकी आणि कापसाच्या बोळ्याने कथील आतून फिरवी. क्षणात काळे भांडे चांदीसारखे होई. कल्हई म्हणजे तांब्या-पितळेवर कथलाचा पातळ पापुद्रा. ती उष्णतेने चढते, तर क्रोमियम चढतो विजेने. वस्तू रसायनाच्या पाण्यात बुडवायची, तिला विजेच्या एका टोकाशी जोडायचे, म्हणजे पाण्यातला धातू कणाकणाने येऊन तिच्यावर बसतो. मात्र पोलादावर थेट क्रोमियम चढवीत नाहीत. खाली निकेलचा थर असतो, पुष्कळदा त्याच्याही खाली तांब्याचा. सगळ्यांत वरचा क्रोमियमचा थर इतका पातळ असतो, की माणसाच्या केसाच्या जाडीचे दोनशे भाग केले तर त्यांतल्या एकाएवढा! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आता या चकाकत्या झाकण्या आपल्या देशात कशा आल्या ते पाहू. पूर्वी मोटारी सबंध बोटीतून येत. पुढे १९२८ साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडीला कारखाना घातला. पण तिथे गाड्या बनत नसत, परदेशातून आलेले भाग नुसते जोडले जात. आपल्या देशात आपली मोटार बनावी ही जिद्द धरली ती सोलापूरच्या एका माणसाने. वालचंद हिराचंद हे त्यांचे नाव. जन्म १८८२ चा. १९१९ साली सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली, तिच्या मागच्या माणसांत वालचंद होते. १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढण्यातही त्यांचाच पुढाकार होता. मोटारीच्या बेताला परक्या सरकारने युद्धकाळात पाठबळ दिले नाही, तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो अशा मोठाल्या गाड्या तिथे जोडल्या गेल्या.

स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५३ साली धोरण ठरवले, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्या कंपन्यांना इथे जागा नाही. गाडीचे भाग क्रमाक्रमाने इथेच बनवले पाहिजेत. जनरल मोटर्सने १९५४ साली आपला गाशा गुंडाळला. त्याच वर्षी वालचंदांच्या कंपनीने इटलीतल्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी इथे काढली. वालचंद स्वतः तो दिवस पाहायला नव्हते. १९५३ साली त्यांचे निधन झाले होते. फियाट हे नाव ‘तुरीनचा इटालियन मोटार कारखाना’ या अर्थाच्या चार शब्दांच्या आद्याक्षरांचे बनले आहे. १९६४ साली याच गाडीचा नवा अवतार आला, तीच पुढे आपल्या ओळखीची झाली. फियाटशी असलेला करार संपल्यावर १९७२-७३ च्या सुमारास गाडीला ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ हे नाव मिळाले, आणि १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’. नाव बदलले, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली.

मालवणच्या चाकरमान्याला ही गाडी आधी भेटली ती टॅक्सीच्या रूपात. गिरणगावातल्या बहुतेक माणसांना स्वतःची मोटार परवडण्याचा प्रश्नच नव्हता. गावाला यायचे ते आगबोटीने. बोट बंदराबाहेर थांबायची, तिथून पडावात उतरायचे आणि मग किनारा. घरापासून भाऊच्या धक्क्यापर्यंत मात्र बोजा फार, मुले लहान, म्हणून कधी तरी काळी-पिवळी टॅक्सी करायची. पुढे दिवस पालटले. कोणी वकील झाला, कोणी डॉक्टर, कोणाचे दुकान चालले. नवीन गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, तरी जुनी मिळे. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून आपला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली. लोक मारुतीकडे वळले, आणि मुंबईतल्या जुन्या फियाट गावाकडे येऊ लागल्या. चतुर्थीला गणपतीच्या आधी दारात गाडी येऊन उभी राहिली, की तिच्या चाकाच्या झाकणीत आपले वाकडे-तिकडे तोंड बघायला वाडीतली पोरे जमत.

पण मुंबईहून आलेली गाडी मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर काही पावसाळे काढते आणि तिची रया जाते. असे का होते? समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण येतात आणि प्रत्येक वस्तूवर बसतात. मिठाचा गुण असा, की हवेतली आर्द्रता शंभरात पंचाहत्तरच्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून स्वतःच पाझरू लागते. आपल्या घरातली मिठाची बरणी पावसाळ्यात काय करते ते आठवा. म्हणजे गाडीवर पाऊस पडो न पडो, तिच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा अदृश्य हात फिरलेला असतोच. मघाशी सांगितलेला तो केसाच्या दोनशेव्या भागाएवढा क्रोमियम स्वतः गंजत नाही, पण त्यात बारीक भेगा असतात. त्यांतून खारे पाणी निकेलपर्यंत जाते, निकेललाही छिद्र पडले की पोलादापर्यंत.

आणि इथे एक गंमत आहे, जरी गाडीच्या मालकाला ती गंमत वाटणार नाही. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी बादली ओरखडली तरी लवकर गंजत नाही, कारण जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते. निकेल उलट स्वभावाचे आहे. छिद्र पडले, की ते स्वतः सुखरूप राहते आणि लोखंडाला अधिकच झिजू देते. म्हणून व्हीलकप वरून चकचकीत दिसतो, पण त्यावर राईएवढे तांबूस ठिपके उमटतात, आणि प्रत्येक ठिपक्याखाली आत मोठे बीळ पडलेले असते. वाळवीने पोखरलेल्या वाशासारखे. वरची साल शाबूत असते आणि आत भुगा.

रंगाची गोष्ट वेगळी. काही झाकण्यांवर अक्षरे किंवा गोल पट्टे रंगवलेले असत. रंगाला मारते ते मुख्यतः ऊन. रंगाचे कण ज्या गोंदासारख्या द्रव्याने धरून ठेवलेले असतात, ते द्रव्य उन्हातले अतिनील किरण मोडून टाकतात. मग वर खडूसारखी भुकटी येते. बोट फिरवले तर बोटाला रंग लागतो. पुष्कळांना वाटते की रंग संपला. तसे नेहमी नसते. वरचा थर मेलेला असतो, पण खालचा जिवंत असू शकतो.

मोटारीच्या या रंगाचे आणि आपल्या मातीचेही एक नाते आहे. १९२३-२४ पर्यंत मोटार रंगवायला आणि तो रंग वाळायला आठवडेच्या आठवडे लागत. मग अमेरिकेत झटपट वाळणारे नवे लॅकर निघाले आणि कारखान्यांचे काम झपाट्याने होऊ लागले. हा ‘लॅकर’ शब्द आला कोठून? आपल्या लाखेवरून. संस्कृत लाक्षा, तिची लाख, आणि तोच शब्द पोर्तुगीज व्यापाऱ्यांच्या तोंडून युरोपात गेला. नव्या रंगात लाख नव्हती, नाव मात्र लाखेचे राहिले.

लाखेचे काम बघायचे तर लांब जायला नको. सावंतवाडीच्या चिताऱ्यांची लाकडी फळे, पाट, खेळणी प्रसिद्ध आहेतच. पण व्हीलकपशी अगदी सख्खे नाते सांगावे असा त्यांचा माल म्हणजे गंजिफा. गोल पाने, दशावताराचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस. चिंचोक्याची खळ लावून थर चिकटवायचे, खडूचा लेप द्यायचा, दगडाने घोटून गुळगुळीत करायचे, मग चित्र आणि शेवटी लाखेचा हात. छापील पत्ते आल्यावर ही कला मरायला टेकली होती. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी हाती उरलेल्या वृद्ध कारागिराकडून ती शिकून घेतली, राजवाड्यात काम सुरू केले, आणि १९७० नंतरच्या काळात ती पुन्हा उभी राहिली. उशीर झाला असता तर पाने संग्रहालयात राहिली असती, पण हात गेला असता. सत्त्वशीलादेवी २०१८ साली गेल्या, पण राजवाड्यातले काम त्यांच्या मागेही चालू राहिले.

चिताऱ्याचा जो नियम तोच व्हीलकप उजळण्याचा: आधी पाया, मग लेप, मग रंग, आणि शेवटी वरचा हात. पाया कच्चा असेल तर वरचा रंग कितीही भारी असो, तो टिकत नाही. आता कृती ऐका.

झाकणी काढताना पातळ पट्टीखाली फडके धरावे आणि सगळीकडून थोडी थोडी उचकावी. एकाच बाजूने जोर केला तर कड वाकते. मग गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने दोन्ही बाजूंनी धुवावी. आतली बाजू विसरू नये, मीठ तिथेच साठते. इथे आपल्या घरच्या सवयी आवरायला हव्यात. चिंच, आमसूल, राख, काथ्या ही पितळेच्या भांड्याला योग्य, क्रोमियमला नव्हेत. आंबट रस त्या बारीक छिद्रांतून आत शिरून उरलेसुरले खातो, आणि राख व काथ्या पातळ थरावर ओरखडे काढतात. तांबूस ठिपक्यांसाठी ॲल्युमिनियमचा पातळ कागद चुरगळून, पाण्यात भिजवून, हलक्या हाताने फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमियमपेक्षा मऊ असल्यामुळे तो गंज उचलतो, पण चकाकीला धक्का लावत नाही. रंगवलेल्या भागावर मात्र तो फिरवू नये. नंतर पुन्हा धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून मेणाचा पातळ हात द्यावा. किनाऱ्यावर हा मेणाचा हात वर्षातून तीन-चार वेळा द्यावा. होडी ओढून ठेवल्यावर तिची निगा राखतात, तसेच हे.

रंग फिका असेल तर प्रथम रबिंग कंपाउंडने एक कोपरा घासून पाहावा. भुकटी जाऊन खालचा रंग उजळला, तर तिथेच थांबावे. मेण लावावे आणि काम संपले. रंग खरोखर गेला असेल तरच नवा द्यावा. मूळ छटा कोणती होती ते ठरवायचे तर झाकणीची मागे वळलेली कड किंवा चिमट्याखालची जागा बघावी. तिथे ऊन पोचलेले नसते, म्हणून खरा रंग तिथे सापडतो. आठवणीवर विसंबू नये, आठवणही उन्हात फिकी पडते. मग पाण्याच्या पॉलिश पेपरने, आधी चारशे नंबरच्या आणि मग आठशेच्या, जागा घोटावी. पोलाद उघडे पडले असेल तर आधी लाल ऑक्साइडचा हात द्यावा. रंगवायचा नाही तो भाग चिकटपट्टीने झाकावा. रंगाचे दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक अगदी पातळ, आणि प्रत्येकाला वाळायला वेळ द्यावा. शेवटी वरून पारदर्शक हात.

एक सूचना आपल्या भागापुरती. गाडीचा मालक गावात येतो चतुर्थीला, आणि त्याला गणपतीच्या आधी सगळे चकचकीत हवे असते. पण भाद्रपदातल्या दमट हवेत लॅकरवर दुधासारखी पांढरी साय धरते. रंगातले पातळ द्रव्य उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतले पाणी त्यावर दहिवरासारखे बसते, म्हणून असे घडते. तेव्हा धुणे, पुसणे, मेण लावणे हे चतुर्थीला करा. रंगकाम मात्र मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, कोरड्या हवेत.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? शहरात झाकणी देऊन पुन्हा मुलामा चढवून आणता येतो. खरे आहे. पण त्यासाठी जुना मुलामा रसायनाने उतरवतात, पोलाद घासून सपाट करतात. त्यात अक्षरांच्या कडा बोथट होतात. शिवाय पारंपरिक क्रोमियम मुलाम्याच्या टाकीतले द्रव्य फार विषारी असते. त्याची वाफ नाका-फुप्फुसांना व्रण करते, दीर्घकाळ अंगात गेल्यास कर्करोग होतो, आणि सांडपाणी ओढ्यात सोडले तर विहिरी नासतात. म्हणून हे काम घरी करायचे नाहीच, आणि करून घ्यायचे तर जिथे कामगाराला हातमोजे व तोंडावर आवरण मिळते, पाणी शुद्ध करून सोडतात, अशाच ठिकाणी. आपल्या चाकाच्या चकाकीसाठी दुसऱ्याचे नाक झिजवू नये.

दुसरे असे, की जुन्या वस्तूला किती नवे करायचे याचा विचार आता कायद्यानेही करायला लावला आहे. पद्मिनीचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी राहिली नाही. खाजगी गाड्या थोड्या उरल्या आहेत, त्यांतल्याही पुष्कळ भंगारात निघाल्या. मात्र २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. ती रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, संचलन अशा प्रसंगी ती बाहेर काढता येते. १९७४ साली नोंदलेल्या पहिल्या पद्मिनींना २०२४ मध्ये पन्नास वर्षे पुरी झाली. म्हणजे ज्या गाडीला काल भंगारवाला तोलून नेत होता, ती आज जपून ठेवण्याजोगी ठरू शकते. पण ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द महत्त्वाचे. बाजारातली प्लास्टिकची नवी झाकणी बसवून जुनी विकून टाकली, तर चाक उजळेल पण गाडीची ओळख पुसेल.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की झाकणीवरचा खड्डा गेला नाही तर राहू द्या, अक्षराचा कोपरा झिजला असेल तर झिजलेला दिसू द्या. गंज थांबवा, मीठ धुवा, रंग त्याच छटेचा द्या. आणि जुनी झाकणी मोडकी असली तरी टाकू नका, तिच्यावरून दुसरी घडवता येते. तशीच गोष्ट माणसांची. बाजारपेठेत अजून एखादा कल्हईवाला, एखादा पाट्या रंगवणारा, एखादा पत्रा ठोकून सरळ करणारा मेस्त्री असेल. त्याच्याकडे काम न्या आणि घरातला एखादा मुलगा वा मुलगी त्याच्या शेजारी बसवा. गंजिफा वाचली ती याच रीतीने.

शिक्षक बंधुभगिनींनो, शेवटी तुमच्यासाठी एक प्रयोग. तीन बाटल्या घ्या आणि प्रत्येकीत दोन लोखंडी खिळे टाका. पहिलीत उकळून गार केलेले पाणी आणि वर तेलाचा थर, दुसरीत विहिरीचे पाणी, तिसरीत समुद्राचे. आठ दिवस मुलांना रोज बघू द्या आणि दिसेल ते वहीत तारखेनिशी लिहू द्या. नवव्या दिवशी त्यांना गावातल्या एखाद्या जुन्या गाडीपाशी न्या, झाकणीवरचे तांबूस ठिपके दाखवा, आणि तिसऱ्या बाटलीतल्या खिळ्याशी त्यांचे काय नाते आहे ते त्यांनाच सांगू द्या. जवळपास बैलगाडीचे जुने चाक असेल तर तेही दाखवा आणि त्याच्या भागांची नावे वाडीतल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून घ्या. ती नावे सांगू शकणारी माणसे आहेत तोवर हे काम करून घेतले पाहिजे.